‘मेळ’ काढला ती दुपार

“ताई, हा एक राहिलाय. ‘मेळ’. काढू ना?”

हर्षद दारात उभा होता. उघडा लॅपटॉप एका तळहातावर तोललेला, दुसऱ्या हातानं चौकट धरलेली. मी रक्तपेढीच्या भांडारखोलीत, रिकाम्या पिशव्यांच्या खोक्यांमागं पाटावर बसून जेवत होते. भाद्रपदातलं आम्हा जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व चालू होतं. त्या दिवशी पहिलाच दिवस. पर्वात माझं एकाशन असतं. दिवसातून एकदाच जेवायचं, एकाच बैठकीत, तेही मौन धरून. मधे एक शब्द जरी तोंडातून गेला तरी ताट सरकवून उठायचं, मग दुसऱ्या दिवशीपर्यंत काही नाही. लग्नाच्या आधी एका साध्वी माताजींकडून हा नेम घेतला होता आणि चोवीस वर्षांत तो मोडला नव्हता. ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. एक ते दीड मगदूम ताईंकडं, म्हणजे माझ्याकडं, कोणी फिरकायचं नाही.

“मला माहितीये तुम्ही मौनात आहात,” तो म्हणाला. “पण दीडला काउंटर सुरू करायचाय. दहा काढून झाले, हा अकरावा. डेटाबेसला विचारलं, ह्याच्यावर कोण अवलंबून आहे. तो म्हणतो, कोणीच नाही.”

मी त्याच्याकडं पाहिलं. तो थोडा वेळ थांबला. खाली रस्त्यावर कोणीतरी रिक्षाचा हॉर्न वाजवत होतं.

“बरं मग, काढतो,” असं म्हणून तो गेला.

हे नऊ वर्षांपूर्वीचं. कृष्णाकाठच्या आमच्या गावात एका ट्रस्टची रक्तपेढी आहे, तिथं मी तेव्हा संगणकाचं काम बघायची. दात्यांची, पिशव्यांची, रुग्णांची सगळी नोंद एका डेटाबेसात असे. त्या डेटाबेसला अधूनमधून जादा तुकडे जोडावे लागतात, त्यांना एक्स्टेंशन म्हणतात. शिलाई मशिनला काजं करायचा वेगळा पाय बसवतात ना, तसंच. मूळ मशीन कंपनीचं, पाय आपण आणून लावायचा. बारा-पंधरा वर्षांत असे बरेच पाय जमले होते. कोणी लावले, कशाला लावले, लावणारे कुठं गेले, पत्ता नाही. आता डेटाबेसची नवी आवृत्ती आणायची होती आणि ह्यातले अकरा तुकडे नव्या आवृत्तीत चालणार नव्हते. ते शोधून काढून टाकल्याशिवाय पुढं सरकता येत नव्हतं. ते काम हर्षद डांगेकडं होतं.

हर्षद आमच्या संगणक विभागाचा प्रमुख. वय एकतीस. वडिलांना अर्धांगाचा झटका आला म्हणून पुण्याची चांगली नोकरी सोडून गावी आलेला. कामाला वाघ, तोंडानं फटकळ. त्याच्या आधी त्या खुर्चीवर गद्रे सर होते, आणि ते निवृत्त झाले तेव्हा ती खुर्ची मला मिळेल असं मला वाटलं होतं. वाटलं होतं एवढंच. बोलले कोणाला नव्हते.

‘मेळ’ हे एक्स्टेंशन गद्रे सरांनी स्वतः लिहिलेलं. काम अगदी छोटं. दोन याद्या दिल्या की त्यांच्यात एखादा आकडा सामाईक आहे का ते सांगायचं. पण त्यावर आमच्या पेढीतली एक फार मोठी गोष्ट उभी होती. काही माणसांना पूर्वी कधीतरी रक्त चढवलेलं असतं, आणि त्यातली एखादी खूण त्यांचं शरीर शत्रू म्हणून लक्षात ठेवतं. पुन्हा तसं रक्त गेलं की शरीर ते फोडून टाकतं. चार-पाच वर्षांनी ही आठवण इतकी पुसट होते की चाचणीत दिसतसुद्धा नाही. चाचणी म्हणते, द्या खुशाल. ती फक्त जुन्या नोंदीत सापडते. आमच्याकडं अशी एक्केचाळीस माणसं होती. त्यांच्या नावावर न चालणारी पिशवी निघाली की काउंटरच्या पडद्यावर लाल पट्टी यायची: देऊ नये. ती पट्टी ‘मेळ’ला विचारून यायची.

डेटाबेसला हे का दिसलं नाही? कारण पट्टी आणणारं फंक्शन मी लिहिलं होतं, आणि फंक्शनच्या पोटात काय लिहिलंय ते डेटाबेस वाचत नाही. त्याच्या दृष्टीनं तो नुसता मजकूर. नोंदवलेली नाती तो सांगतो, पोटातली सांगत नाही. आणि त्या वेळी मी आणखी एक शहाणपणा केला होता. काही कारणानं तपासणी अडली तर काउंटर बंद पडू नये म्हणून, चूक आली तर गप्प राहून पुढं जा, असं त्यात लिहून ठेवलं होतं. म्हणजे ‘मेळ’ काढला तरी कुठं काही ओरडणार नव्हतं. पट्टी येणं थांबणार होतं, बस्स.

हे जगात दोघांना ठाऊक होतं. गद्रे सर मुलाकडं मेलबर्नला होते. दुसरी मी.

आठ दिवस आधी हर्षदनं अकरा नावांची यादी सगळ्यांना पाठवली होती. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘हे काय करतं, माहीत असल्यास लिहा’. त्याआधीच्या बैठकीत तो ‘मेळ’वर येऊन थांबला होता आणि हसत म्हणाला होता, “हे तर वयानं माझ्या लग्नापेक्षा, नोकरीपेक्षा सगळ्यापेक्षा मोठं दिसतंय. ह्याला आता सन्मानानं पेन्शन देऊया.” सगळे हसले. सुमन, आमची काउंटरवरची तंत्रज्ञ, म्हणाली, “मग ताईंना पण द्या सोबत, दोघं एकाच बॅचचे.” तीही हसली. तिच्या मनात काही नव्हतं, मला माहीत आहे. मीही हसले होते.

यादीतला ‘मेळ’समोरचा रकाना मी रिकामा ठेवला. येईल विचारायला, म्हटलं. खुर्चीवरून उठून येईल, शेजारी बसेल आणि विचारेल, ताई, हे काय आहे, समजावून सांगा. मग सांगेन. आठ दिवस मी सकाळी मंदिरात अभिषेकाला उभी राहायची, सामायिकाला, ध्यानाला, बसायची आणि मनात हेच घोळवायची. येईल.

तो आला तो असा, दीडला वीस कमी असताना, भांडारखोलीच्या दारात.

तेही तो गद्रे सरांच्या नियमामुळं आला. सरांचा दंडक होता: डेटाबेसातून काहीही काढायचं तर दुसऱ्या माणसासमोर उभं राहून, नाव घेऊन विचारायचं. एकट्यानं काढायचं नाही. नव्या पिढीच्या हर्षदला हे हास्यास्पद वाटेल अशी माझी अटकळ होती. पण त्यानं तो नियम शेवटपर्यंत पाळला. दहा वेळा सुमनसमोर उभा राहिला, अकराव्यांदा माझ्यासमोर.

मी ताट घासलं, चूळ भरली, णमोकार मंत्र म्हटला आणि जागेवर येऊन बसले. एक वाजून पस्तीस. हर्षद पलीकडच्या टेबलावरून म्हणाला, “झालं ताई. अकराच्या अकरा. देव पावला.”

मी म्हणाले, “छान.”

तेव्हा सांगता आलं असतं. मौन सुटलं होतं. मी माझ्या कामाची फाइल उघडली. म्हटलं, चार वाजता चहाला उठेल तेव्हा शांतपणे सांगू. एवढ्यात त्या एक्केचाळिसांतलं कोण येतंय? महिन्यातून एखाद-दुसरा येतो.

चारला तो चहाला उठला नाही. वडिलांना औषध द्यायला घरी गेला. मग दीडपासून निघालेल्या पिशव्यांची यादी मी पडद्यावर काढली. सहा पिशव्या. रुग्णांच्या जुन्या नोंदी उघडल्या आणि कागदावर पेन्सिलनं आकड्याला आकडा लावून बघायला लागले. पहिली बरोबर. दुसरी बरोबर. पाचव्या नावाला पेन्सिल थांबली. शकुंतला ऐवळे, वय चोवीस, सात वर्षांपूर्वी अपघातात रक्त चढवलेलं. आता बाळंतपणानंतर अंगावरून फार गेलं म्हणून सरकारी दवाखान्यात. पिशवी तीन वीसला गेली होती.

फोन मी केला. नर्स म्हणाली, “लावलीय की हो, अर्धा तास झाला.” मी म्हणाले, “काढा. आत्ता, मी फोनवर असताना काढा.” माझा आवाज कधी चढत नाही. सुमन काउंटरवरून उठून आली, म्हणजे त्या वेळी चढला असेल.

एक तृतीयांश रक्त गेलं होतं.

सुमननं फोन केला तसा हर्षद धावत आला. मी त्याला काय ते सांगितलं. त्यानं लॅपटॉप उघडला. एक ओळ लिहिली, ‘मेळ’ जागेवर आला. जुन्या सर्व्हरवर फाइल होतीच. जोडायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. सुमननं शकुंतलाच्या नावावर तीच पिशवी पुन्हा टाकून बघितली आणि पडदा लाल झाला.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “तुम्हाला हे ठाऊक होतं?”

मी म्हणाले, “फंक्शन माझंच आहे.”

त्यानं मान हलवली.

पाचव्या दिवशी शकुंतलाला ताप भरला, डोळे पिवळे झाले, लघवी काळसर व्हायला लागली. एक तृतीयांशानंसुद्धा शरीराला आठवण झाली होती. आमच्या प्रमुख डॉक्टर कानिटकर रोज दोनदा तिकडं जायच्या. तिला मानवेल असं रक्त त्यांनी कोल्हापुराहून मागवलं. दोन दिवस काही सांगता येत नव्हतं. दीड महिन्याचं बाळ सासूच्या मांडीवर. मी रोज मंदिरात तिच्या नावानं मूर्तीवर शांतिधारेचा अभिषेक केला. माझे नेम सगळे चालू होते. एकही चुकला नाही.

सातव्या दिवशी चौकशी. वरच्या मजल्यावर डॉक्टरांची खोली, त्यात डॉक्टर, ट्रस्टचे एक विश्वस्त, हर्षद आणि मी.

“तुम्ही विचारल्याशिवाय काढलंत?” विश्वस्तांनी हर्षदला विचारलं.

“विचारलं होतं.”

“कोणाला?”

मीच म्हणाले, “मला.”

“मग तुम्ही काय सांगितलंत?” डॉक्टरांनी विचारलं.

“मी जेवत होते.”

डॉक्टर विश्वस्तांकडं वळून म्हणाल्या, “पर्वात त्यांचं मौन असतं जेवताना. सगळ्या पेढीला माहीत आहे.”

विश्वस्त आमच्याच समाजातले. त्यांनी टेबलावर हात ठेवला. “व्रतस्थ बाईच्या तोंडात घास असताना तुम्ही दारात उभे राहून विचारता? आणि उत्तराची वाट न बघता काढून मोकळे होता? ही कुठली पद्धत, डांगे?”

हर्षद म्हणाला, “चूक माझी आहे. थांबायला हवं होतं.”

“आणि ही मगदूम बाईंची दक्षता बघा,” ते म्हणाले. “पेन्सिलनं आकडे लावून ह्यांनी ती पोरगी वाचवली.”

मी खाली बघत होते. फरशीवर खिडकीच्या गजांची सावली पडली होती. हर्षदनं एकदासुद्धा माझ्याकडं पाहिलं नाही. त्यानं महिनाअखेरीला राजीनामा द्यावा असं ठरलं. सोबत एक पत्र मिळणार होतं, त्यात ‘गंभीर निष्काळजीपणा’ असे शब्द होते. तसलं पत्र हातात घेऊन दवाखान्याच्या कामात परत कोणी उभं करत नाही, आणि आजारी वडील सोडून तो पुण्याला जाऊ शकत नव्हता. जिना उतरताना हे सगळं मला कळत होतं.

दहाव्या दिवशी शकुंतलाची सासू पेढीत आली. सुनेचा ताप उतरला होता, डोळे निवळले होते. म्हातारीनं काउंटरवर नारळ ठेवला आणि विचारलं, “फोन केलेल्या बाई कोन?” सुमननं माझ्याकडं बोट केलं.

“तुमीच व्हय?” ती म्हणाली. “दाक्तरीन बाई म्हनल्या, तुमी फोन केला न्हाईतर सून हाताला लागत न्हवती. ल्हान लेकरू हाय वो पदरात. तुमी लई देवाधर्माच्या हायसा म्हनं. देवानंच तुमास्नी बुद्धी दिली.” आणि ती वाकायला लागली. मी तिचे खांदे धरले. तिच्या अंगाला बाळाच्या तेलाचा वास येत होता.

“आजी, माझ्या पाया पडू नका,” मी म्हणाले.

“का वो?”

ती नारळ ठेवून गेली.

आता, वर जे मी लिहिलंय त्यात खोटं काही नाही. पेढीत, घरी, मंदिरात, सगळ्यांना मी असंच सांगत आले होते. पण त्या दुपारच्या दोन गोष्टी मी गाळत होते, त्या इथं लिहिते.

हर्षद दारात थोडा वेळ थांबला, म्हणाले ना. तो गप्प थांबला नव्हता. तो म्हणाला होता, “ताई, बोलू नका. नको असेल तर नुसता हात आडवा करा. मी थांबतो.” आणि तो खरंच थांबला होता. माझ्या उजव्या हाताकडं बघत.

आणि माझ्या ताटात काही नव्हतं. भाकरी संपली होती, भात संपला होता, वाटी पुसून घेतली होती. तो यायच्या आधीच माझं जेवण झालं होतं. उठून चूळ भरायची तेवढी राहिली होती. त्याला बघून मी रिकाम्या ताटात हात घातला, शितं गोळा केल्यासारखी बोटं फिरवली आणि तोंडाशी नेली. त्यानं मला जेवताना बघावं म्हणून. माझा हात आडवा होऊ नये म्हणून मी तो कामात ठेवला. काढ म्हटलं मनात. काढ, आणि मग ये विचारायला.

चोवीस वर्षांचा नेम मी त्या दिवशी मोडला नाही. त्याच्याआड जाऊन बसले.

पर्व संपल्यावर दुसऱ्या दिवशी आमच्यात क्षमावाणी असते. लहान-थोर सगळे एकमेकांना हात जोडतात आणि वर्षभरात झालेल्या अपराधांची क्षमा मागतात. पेढीत मी एकटीच जैन नव्हते, पण ही रीत मीच तिथं आणली होती आणि इतक्या वर्षांत सगळेच ती करायला लागले होते. त्या दिवशी संध्याकाळी पाचला सुमननं हात जोडले, ड्रायव्हरनं जोडले, डॉक्टर वरून उतरून आल्या, जोडून गेल्या. मी सगळ्यांना तेच म्हणत होते, “माझ्याकडून जाणता-अजाणता काही अपराध घडला असेल तर उत्तम क्षमा.” वर्षानुवर्षांची सवय. ओठ आपोआप चालतात.

हर्षद टेबलाचे खण रिकामे करत होता. खोलीत आम्ही दोघंच राहिलो तेव्हा तो माझ्याकडं आला आणि त्यानंच आधी हात जोडले.

“उत्तम क्षमा, ताई. पेन्शनची थट्टा मी करायला नको होती. नंतर लक्षात आलं.”

माझे हात जोडलेले होते. मी म्हणाले, “माझ्याकडूनही जाणता-अजाणता काही…”

“त्यातलं कोणतं?” त्यानं विचारलं.



“टोमणा नाही मारत,” तो म्हणाला. “खरंच विचारतोय. मी घरी रोज तेच आठवत बसतो. मला वाटतं, मी नीट बघितलं नसेल. तुम्ही हात हलवला असेल आणि माझ्या लक्षात आलं नसेल. बाबांना औषध देताना पण तेच डोळ्यासमोर. तुमचा हात हलला होता का?”

त्याचे डोळे खोल गेले होते. त्यानं चौकशीत एवढं एक वाक्य उच्चारलं असतं, मी हात आडवा करा म्हणालो होतो, तर सगळं उलटं झालं असतं. त्यानं ते उच्चारलं नव्हतं, कारण तो स्वतःवरच संशय घेत होता. माझ्यावर संशय घ्यायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. एवढी नेमधर्माची बाई.

“नाही हलला,” मी म्हणाले. “तुम्ही नीट बघितलंत.”



“ताट रिकामं होतं, हर्षद. माझं जेवण झालं होतं.” मग त्यानं विचारलं होतं त्याचं उत्तर दिलं. “जाणता.”

तो खुर्चीवर बसला. रागावेल असं मला वाटलं, रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि एक लांब श्वास सोडला. लहान मूल झोपेत सोडतं तसा. मग उठून त्यानं घड्याळात बघितलं.

“डॉक्टर साडेपाचला निघतात,” तो म्हणाला. “हे वर सांगाल?”

“ते म्हणतील, आता कशाला. प्रकरण मिटलंय.”

“म्हणतील.”

“निवृत्तीला माझी अकरा वर्षं राहिलीत अजून.”

“हो,” तो म्हणाला. “माहितीये.”

पाच वीस झाले होते. मी चष्मा काढून पदरानं पुसला, परत लावला. मग टेबलावरची ती पेन्सिलनं आकडे लिहिलेली चिठ्ठी घेतली, का घेतली माहीत नाही, आणि जिन्याकडं निघाले. मी एकटीनंच जायचं असं धरून चालले होते, पण मागून पावलं आली.

जिन्यात हर्षद माझ्या मागं होता. मी परत फिरू नये म्हणून असेल, किंवा मला एकटीला जावं लागू नये म्हणून. मी त्याला ते कधी विचारलं नाही. वर डॉक्टरांच्या खोलीत विश्वस्तही बसलेले होते, त्यांचा आवाज बाहेर ऐकू येत होता. कशावर तरी हसत होते.

दार मीच वाजवलं.